मॉरिशसशी नातं कोकणाचं, करार मात्र मुंबईत

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

पत्र जरा लांब होणार आहे, आधीच सांगतो.

राज्य सरकारचे परदेशाशी होणारे करार आपल्या पेपरात अधूनमधून वाचतो. 2013 मध्ये जपानच्या वाकायामाशी झाला, 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा झाला, त्यावरनं आमच्याकडच्या पोरांनी जर्मनचे क्लास पण शोधायला घेतले होते. फोटो सगळ्यांचे सारखेच, शाल, पुष्पगुच्छ, मधे फाईल धरलेले दोन अधिकारी आणि मागे बॅनर. माझी त्याला हरकत नाही, राज्याने बाहेर ओळखी वाढवायलाच पाहिजेत. पण एक देश असा आहे की तिथे कोकणातली माणसं करार-बिरार व्हायच्या पावणेदोनशे वर्षं आधीच जाऊन बसलीत आणि त्या देशाशी सुद्धा आपली मैत्री होते ती मुंबईत नाहीतर तिकडच्या हॉलमध्ये, मधल्या मधे कोकण गायब. मी मॉरिशसबद्दल बोलतोय.

28 एप्रिल 2023 ला मॉरिशसमध्ये मोका इथे, महाराष्ट्र भवनात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस गेले होते, तिथले तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ हजर होते, गुंतवणुकीच्या कराराच्या पण बातम्या आल्या. आम्ही सगळ्यांनी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ बघितले, ऊर भरून आला, खोटं कशाला बोला. आता त्याच आठवड्यात आमच्या राजापूर तालुक्यात काय चाललं होतं ते आठवा. बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) रिफायनरीसाठी माती परीक्षण चालू होतं, बायामाणसं उन्हात रस्त्यावर आडवी पडलेली, पोलिसांचा बंदोबस्त, अश्रुधूर. म्हणजे एकीकडे ज्या मातीतली माणसं मॉरिशसला गेली त्यांच्या वंशजांचं कौतुक चाललेलं आणि दुसरीकडे त्याच मातीत हा प्रकार. मी रिफायनरीचा समर्थक की विरोधक ते इथे सोडून द्या, घरातच दोन पार्ट्या आहेत आमच्या. मुद्दा एवढाच की राजापुरात कोणाला विचारा परदेशी पार्टनर म्हणजे काय, तो पहिल्यांदा जैतापूर म्हणेल, फ्रान्सबरोबरचा 9900 मेगावॅटचा अणुप्रकल्प, मग नाणारची रिफायनरी म्हणेल, सौदीची अरामको आणि अबुधाबीची कंपनी. आमच्याकडे परदेश आला तो जमीन मागायलाच आला. त्यामुळे शिष्टमंडळ येणार म्हटलं की लोक आधी सातबारा कपाटात नीट ठेवलाय का ते बघतात. ज्या देशाला आमची इंचभर जमीन नकोय, उलट जिथली माणसं स्वतः आमचा गाव शोधत येतात, त्या देशाशी व्यवहार वाढवायला कोणी पुढे येत नाही याचं मला नवल वाटतं.

आता थोडा इतिहास, कारण आमच्याच पोरांना माहिती नाही. मॉरिशसवर आधी फ्रेंच होते, 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. गुलामगिरी बंद व्हायच्या सुमाराला उसाच्या मळ्यांना माणसं पाहिजे होती. मग 1834 पासून हिंदुस्थानातनं कराराने मजूर न्यायला सुरुवात झाली, आपले लोक ज्याला गिरमिट म्हणतात ते हेच. 1920 पर्यंत साडेचार लाखांच्या वर माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशकडची आणि तामिळ-तेलुगू मुलखातली, कलकत्ता आणि मद्रासमार्गे. पण मुंबई बंदरातनं पण जहाजं सुटली आणि त्यात जी माणसं चढली त्यातली बरीच तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातली. मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मधली वीस-पंचवीस वर्षं हा प्रकार चालला. मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजायच्या सुमाराची किंवा त्याच्याही आधीची गोष्ट आहे ही. आपण चाकरमानी म्हटलं की परळ-लालबाग आठवतो, पण घर सोडून पैसे कमवायला गेलेली आमची एक पिढी त्याच्याही आधी उसाच्या मळ्यात उभी होती.

का गेली ते सांगायला नको. खोताची जमीन, खोताचा फाळा, त्यात सड्यावरची कातळाची शेती, एक पाऊस चुकला की नाचणी पण नाही. मुंबईला गलबतातनं जायचं, तिथे कोणी मुकादम गाठायचा, पाच वर्षांचा करार, अंगठा. पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांना उतरवायचे ती जागा म्हणजे आप्रवासी घाट, तिथल्या सोळा पायऱ्या आजही आहेत आणि 2006 पासून ती जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. काही परत आले, बहुतेक नाही आले.

आणि जे राहिले त्यांनी काय केलं तर गणपती बसवला. 1896 मध्ये तिकडे एका मराठी कुटुंबाने गणेशोत्सव सुरू केला असं सांगतात आणि आज गणेश चतुर्थीला अख्ख्या मॉरिशस देशाला सरकारी सुट्टी असते. विचार करा, सव्वाबारा-साडेबारा लाखांच्या देशात मराठी माणूस हजारांत मोजण्याइतका आणि त्याच्या सणाला देश बंद. तिकडे ते नाचतात त्याला झाकरी म्हणतात, व्हिडिओ बघितला तर कळतं की ही तर आपली जाखडी, तोच गोल, तीच पावलं, फक्त पायातले घुंगरू आणि ड्रेस वेगळे. शाळेत मराठी शिकवतात, मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीचा विभाग आहे, 2008 मध्ये तर त्यांच्या संसदेने मराठी स्पीकिंग युनियनसाठी कायदा केला. आपल्याकडे मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद होतायत आणि तिकडे कायदे. असो, तो विषय वेगळा.

गेल्या थंडीत आमच्या शेजारच्या वाडीत एक मॉरिशसचं कुटुंब आलं होतं. साठी-पासष्टीची बाई, मुलगा आणि सून. गाडी रत्नागिरीवरनं केलेली. बाईंना मराठी अशी की आरती सगळी पाठ, सुखकर्ता पासून घालीन लोटांगण पर्यंत कुठे अडखळणं नाही, पण जेवताना भाजी वाढू का विचारलं की मुलाकडे बघायच्या, आपसात ते क्रिओल, म्हणजे तिकडची बोली, बोलायचे. त्यांच्याकडे एक झेरॉक्स होती, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या जुन्या रजिस्टरची. त्यात त्यांच्या खापरपणजोबांच्या पण वरच्या माणसाचं नाव, बापाचं नाव, वय बावीस, उंची पाच फूट तीन इंच, गालावर देवीचे व्रण, जात, जहाजाचं नाव. पुढे जिल्हा रत्नागिरी आणि गाव. गावाचं नाव गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. आम्ही चौघं-पाचजण पडवीत बसून वाचतोय, एकजण म्हणतो कोंड्ये, दुसरा म्हणतो अहो नाही कोंडिवरे, ते तिकडे संगमेश्वरात, तिसरा म्हणतो कोंडिवली पण होऊ शकतं. आडनाव नाहीच. तिकडे पूर्वजाचं जे पहिलं नाव तेच पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसलं, त्यामुळे या बाईंचं आडनाव आपल्याकडच्या कुठल्या घराशी जुळवायचं कसं?

त्यात अजून एक भानगड जी त्यांना माहितीच नव्हती. कागदावर रत्नागिरी लिहिलंय म्हणजे आजचा रत्नागिरीच असं नाही, सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला, म्हणजे मालवण, देवगड, कणकवली सगळं तेव्हा रत्नागिरीतच. त्या बिचाऱ्यांनी फक्त चार दिवस काढले होते आणि ते पण आजच्या रत्नागिरी जिल्ह्यापुरते.

मुलगा आमच्या इथल्या एका सरकारी कार्यालयात जाऊन आला. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला, दुसऱ्या दिवशी सांगितलं एवढं जुनं आमच्याकडे काही नाही, तुम्ही जिल्ह्याला जा, जिल्ह्याला गेल्यावर सांगितलं अर्ज करा, कुठल्या नमुन्यात ते कोणालाच माहिती नाही कारण असा अर्ज कोणी केलेलाच नाही. त्या कारकुनाला मी दोष देत नाही, त्याला पण वरनं कोणी सांगितलेलं नाही की बाबा परदेशातनं माणूस दीडशे वर्षांपूर्वीचं गाव शोधत आला तर काय करायचं. शेवटी आमच्यातले एक तात्या त्यांना ग्रामदेवतेच्या देवळात घेऊन गेले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकराचा गाव खंयचा आसात तो आसो, तुझ्या पायाशी आलेली आसत, मान्य करून घे." मधे मधे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते, बाईंना अर्थ किती कळला देव जाणे पण त्यांनी पण हात जोडून म्हाराजा म्हटलं आणि मग बराच वेळ देवळाच्या पायरीवर बसून राहिल्या. सून आमच्या मंडळींबरोबर आमसुलं, कोकम आगळ, कुळीथ पीठ असं काय काय बांधून घेत होती.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की आता हा नुसता भावनेचा विषय राहिलेला नाही. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला गेल्या होत्या तेव्हा जाहीर झालं की मूळ भारतीय वंशाच्या मॉरिशसच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड मिळू शकेल. एरवी ही सवलत पणतू-पणतीपर्यंतच असते. सात पिढ्या म्हणजे मोजून बघा, थेट त्या बावीस वर्षाच्या देवीच्या व्रणवाल्या पोरापर्यंत पोचता. ओसीआय मिळालं की आयुष्यभराचा व्हिसा, इथे येणं-जाणं, धंदा करणं, घर घेणं सोपं. (शेतजमीन मात्र घेता येत नाही, हे आमच्या वाडीतल्या शंकेखोर मंडळींसाठी लिहितोय.) तर तिकडची मराठी घरं आता कागद शोधणार, मूळ गाव शोधणार आणि ते शोधायला रत्नागिरीला येणार नाहीत तर कुठे जाणार?

माझं म्हणणं असं की राज्य सरकारने मॉरिशसशी मैत्रीच्या नावाखाली पहिलं काम हे करावं, रत्नागिरीत एक छोटा शोध कक्ष काढावा. त्याला बिल्डिंग नको, उद्घाटन नको. दोन मोडी वाचणारी माणसं, एक कॉम्प्युटर आणि महात्मा गांधी इन्स्टिट्यूटबरोबर एक साधा करार की मुंबईमार्गे गेलेल्या लोकांच्या रजिस्टरच्या स्कॅन कॉप्या आम्हाला द्या, गावांची नावं आम्ही ओळखून देतो. परदेशी प्रोफेसरला जे गाव सहा महिन्यांत सापडणार नाही ते आमच्याकडचा रिटायर तलाठी किंवा एसटीचा जुना कंडक्टर पाच मिनिटात सांगेल, पूर्वीचे परगणे कुठले, कुठला गाव उठून कुठे बसला, कुठली वाडी आता धरणाखाली गेली. सरकारी नोंदी बऱ्याच नंतरच्या आहेत हे खरं, पण खोतांच्या घरातली मोडी दप्तरं आहेत, देवस्थानांचे मानकरी आहेत आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत ज्यात गावासकट पिढ्यानपिढ्या नावं लिहिलेली असतात. एखाद्याचा भाऊ गेला आणि दुसरा इथेच राहिला असेल तर त्याच्या बाजूने वर चढता येतं. सगळ्यांचं सापडणार नाही. पण ज्याचं सापडेल तो दर दोन वर्षांनी येईल, पोरं घेऊन येईल, राहील, खाईल, खरेदी करेल.

आणि हे कोकणात नवीन नाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीला आणून ठेवलं, 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याच्या समाधीला नमस्कार करायला 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन स्वतः रत्नागिरीला आले होते. म्हणजे पूर्वजांच्या ओढीने राष्ट्रप्रमुख इथवर येतात हे आपण डोळ्याने बघितलंय. राजाचा राजवाडा आहे म्हणून त्याची आठवण राहिली, आमच्या गिरमिटवाल्यांचा राजवाडा नाही. पण त्यांची माणसं जास्त आहेत.

आता आंबा. मी स्वतः लहानसा बागायतदार आहे, त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार.

त्या बाईंनी जाताना सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातनं जात नाही. आमच्या खळ्यात बसल्या होत्या, कलमांना नुकता मोहोर धरलेला, त्या म्हणाल्या (मुलाने मराठीत सांगितलं) की आमच्याकडे आता बाजारात आंबेच आंबे आहेत, नाताळला आंबा खातो आम्ही. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली आहे, त्यांचा उन्हाळा आपल्या थंडीत. त्यांचा आंबा साधारण नोव्हेंबर ते जानेवारी-फेब्रुवारी, आपला हापूस मार्चअखेर ते मे. म्हणजे त्यांचा सीझन संपला की आपला सुरू. तिकडच्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय न आणता आपला माल विकायची अशी सोय आखाती देश सोडले तर कुठे आहे? वर तिथे वर्षाला देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त टुरिस्ट येतात, मोठी मोठी हॉटेलं, त्यांना एप्रिल-मेमध्ये डेझर्टला काय पाहिजे असतं हे वेगळं सांगायला नको. आणि तिथली मराठी माणसं आहेतच, त्यांच्या दृष्टीने ही नुसती फळाची पेटी नाही.

आता कोणी म्हणेल की भाऊ, एवढं सोपं असतं तर झालं नसतं का. बरोबर आहे. कुठलाही देश, आणि बेट असेल तर जास्तच, फळमाशी आपल्याकडे येऊ नये म्हणून जपतो. जपानने 1986 मध्ये भारतीय आंबा बंद केला तो वीस वर्षांनी 2006 मध्ये उघडला, तो पण उष्ण वाफेची प्रक्रिया मान्य झाल्यावर. अमेरिकेने 1989 पासून बंद ठेवलेला तो 2007 मध्ये विकिरण (कीड मारायला किरण सोडणं) करून घ्यायला लागले. युरोपने 2014 च्या 1 मेला ऐन सीझनमध्ये दार लावलं, पुढच्या जानेवारीत उघडलं. प्रत्येक वेळी आंबा तोच होता, झाडं तीच होती, बदललं ते दोन सरकारांमधलं बोलणं. अमेरिकेचं तर सगळ्यांना माहिती आहे, आंब्याच्या बदल्यात आपण हार्ले डेव्हिडसनच्या मोटरसायकली येऊ दिल्या. म्हणजे मैत्री असेल आणि टेबलावर कोणी विषय काढणारा असेल तर काम होतं. वाफ, गरम पाणी, विकिरण, तिन्हीच्या मशिनरी आज राज्यात आहेत, पणन मंडळाच्या वाशीला आहेत, रत्नागिरीला पण निर्यात केंद्र आहे. मॉरिशसला त्यातलं काय चालेल ते ठरवून घ्यायचं, त्यांचे इन्स्पेक्टर एकदा बोलवायचे, बागा दाखवायच्या, बास.

एक सावधगिरी मात्र. 2025 च्या मे महिन्यात मुंबईहून अमेरिकेला विमानाने गेलेले आंब्याचे पंधरा लॉट तिकडे नाकारले, विकिरणाच्या कागदपत्रांत घोळ म्हणून. परत आणायचा खर्च मालापेक्षा जास्त म्हणून निर्यातदारांना तो तिकडेच नष्ट करायला लागला. आंब्यात खोट नव्हती, कागदात होती. असं नवीन देशात पहिल्याच वर्षी झालं तर पुढे दहा वर्षं कोणी आपल्या पेटीला हात लावणार नाही. त्यामुळे करायचं तर नीट करा, पहिल्या वर्षी थोडाच माल पाठवा, साका पडलेला (आतनं गर बिघडलेला) एकपण आंबा जाता कामा नये आणि जीआय टॅग (हा माल ह्याच मुलखातला याची सरकारी खूण) लावलेला खरा कोकणचाच हापूस जाऊ दे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघरच्या हापूसला 2018 मध्ये जीआय मिळालंय ते काय फ्रेम करून भिंतीवर लावायला नाही. नाहीतर व्हायचं काय की मॉरिशसला हापूस म्हणून कर्नाटकाचा आंबा पोचेल आणि त्या बाई म्हणतील, गावच्या आंब्याला वासच नाही.

ताजा आंबा जमायला वेळ लागेल तर तोपर्यंत पल्प पाठवा, आंबापोळी पाठवा, काजू, कोकम पाठवा. वेंगुर्ल्याच्या काजूला जीआय आहे, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमला जीआय आहे, महिला बचत गट वर्षभर आगळ आणि आमसुलं करतात आणि विकतात कुठे तर हायवेच्या कडेला स्टॉलवर आणि मुंबईच्या कोकण महोत्सवात. 1 एप्रिल 2021 पासून भारत आणि मॉरिशसमध्ये सीईसीपीए नावाचा व्यापार करार लागू आहे, आफ्रिकेतल्या देशाबरोबरचा भारताचा तो असा पहिलाच. त्यात आपल्या 310 वस्तूंना तिथे सवलत, त्यांच्या 615 वस्तूंना इथे. खाद्यपदार्थ, शेतमाल त्यात आहेत. चार वर्षांच्या वर झाली, रत्नागिरीच्या किंवा कुडाळच्या एका तरी बचत गटाला कोणी बसवून मराठीत सांगितलं का की बायांनो, ही यादी, यातलं तुमचं हे बसतं, हा कोड टाकायचा, हा परवाना लागतो? जिल्हा उद्योग केंद्राने एक दुपार घालवली तरी पुरेल.

नाही म्हणायला मॉरिशस आणि महाराष्ट्र यांच्यात पैशाचा व्यवहार कायमच जोरात होता. कित्येक वर्षं भारतात येणारी सर्वात जास्त परदेशी गुंतवणूक मॉरिशसमार्गे यायची, कारण दुहेरी कर टाळायच्या करारामुळे शेअर विकून झालेल्या नफ्यावर इथे कर नव्हता. 2016 मध्ये तो करार बदलला, 2017 पासून कर लागायला लागला. तो सगळा पैसा कागदोपत्री मॉरिशसहून निघून दलाल स्ट्रीटला उतरला. पोर्ट लुईच्या एखाद्या बिल्डिंगमधल्या कंपनीला मुंबईची वाट सापडली, पण तिथल्या मराठी माणसाला राजापूरची सापडत नाही, हा आपला व्यापार.

वाटेवरनं आठवलं. मुंबई ते मॉरिशस विमान साधारण सहा-साडेसहा तास. मुंबई ते राजापूर, गणपतीत किती तास ते मी लिहीत नाही, वाचकांना बीपीचा त्रास असेल. हायवेचं काम 2011 पासून चालू आहे. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ 2021 मध्ये मोठा गाजावाजा करून सुरू झाला, विमान कधी आहे कधी नाही. त्या कुटुंबाने मला विचारलं की परत येऊ तेव्हा जवळचं एअरपोर्ट कुठलं, मी गोव्याचं मोपा सांगितलं. महाराष्ट्राच्या पाहुण्याला गोव्यात उतरा म्हणायची वेळ येते. निदान गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत चिपीला खात्रीचं विमान ठेवा, मग मैत्रीच्या गोष्टी करा.

पर्यटनाचं लोक नेहमी म्हणतात की कोकणचा कॅलिफोर्निया करू, मॉरिशस करू. करा, पण मग मॉरिशसने काय केलं ते पूर्ण बघा. तिथे किनाऱ्यालगतची साधारण ऐंशी मीटरची पट्टी फ्रेंच काळापासून सरकारच्या मालकीची आहे, तिला पा जेओमेट्रिक म्हणतात, हॉटेलांना ती भाड्याने मिळते, विकत नाही. हॉटेलवाले आमची वाळू अडवतात म्हणून तिथले लोक पण ओरडतात, म्हणजे सगळं गोड नाही, पण जमीन देशाची राहिली. आपल्याकडे काय चाललंय, गुहागर-दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत बीचला लागून गुंठे पाडून विकले, घेणारा मुंबई-पुण्याचा, विकणारा आमचाच भाऊबंद आणि आता त्याच बंगल्यात तो वॉचमन. मॉरिशसकडनं शिकायचं असेल तर हे आधी शिका, स्कूबा आणि पॅरासेलिंग नंतर. तिकडची अधिकारी मंडळी बोलवा, नुसतं मंत्रालयात नको, मालवणला बोलवा, सरपंचांना समोर बसवा, मच्छीमार सोसायट्यांना बसवा, होऊ दे दोन दिवस खडाजंगी.

राजापूर हे एके काळी बंदर होतं हे आजच्या गाळाने भरलेल्या खाडीकडे बघून कोणाला पटत नाही. इंग्रजांची वखार होती इथे, 1661 मध्ये महाराजांनी ती लुटली आणि त्या गोऱ्यांना कैदेत टाकलं. अरबस्तानापर्यंत माल जात होता. म्हणजे समुद्रापलीकडे व्यवहार करणं आमच्या रक्तात नाही वगैरे जे बोललं जातं ते खोटं आहे. व्यवहार होता, तो मुंबईने नेला आणि आम्हाला ठेवलं मनीऑर्डरवर.

तेव्हा आपल्या पेपरामार्फत पालकमंत्र्यांना, आमच्या दोन्ही जिल्ह्यांच्या आमदार-खासदारांना एवढं विचारावंसं वाटतं की पुढच्या वेळी मॉरिशसला शिष्टमंडळ जाईल तेव्हा त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गचा एक आंबा बागायतदार, एक बचत गटाची बाई आणि एक मोडी वाचणारा असेल का? तिकीट सरकारी नाही मिळालं तरी चालेल, आम्ही वर्गणी काढू, गणपतीला काढतोच. आणि 12 मार्चला त्यांचा राष्ट्रीय दिन असतो, त्या सुमाराला मोहोर बघून अंदाज येतो यंदा फळ किती, तेव्हाच ठरवता येईल पहिल्या पेट्या किती पाठवायच्या.

संपादक साहेब, जागा कमी असेल तर थिबाचा आणि राजापूरच्या वखारीचा भाग खुशाल कापा. आंब्याचा आणि शोध कक्षाचा ठेवा.

आपला,
एक वाचक
राजापूर, जि. रत्नागिरी